पन्नाशीतली उमेदवारी

'अनुभवी अकाउंटंट पाहिजे. किमान पंधरा वर्षांचा अनुभव आवश्यक. वयोमर्यादा ३५.' अशा थाटाच्या जाहिराती आपण सगळ्यांनीच वाचलेल्या असतात. पूर्वी त्या वर्तमानपत्राच्या 'पाहिजेत'च्या रकान्यात असत, आता मोबाइलच्या पडद्यावर असतात. मजकूर फारसा बदललेला नाही. हिशेब करून पाहिला तर या दोन्ही अटी पुऱ्या करण्यासाठी माणसाने विसाव्या वर्षी, म्हणजे पदवी हातात पडण्याआधीच खतावणी लिहायला घ्यायला हवी. जाहिरात देणाऱ्याला अनुभव हवा असतो, पण अनुभवाबरोबर येणारे पांढरे केस, चष्म्याचा नंबर, मुलीचे लग्न आणि रक्तदाबाची गोळी मात्र नको असते.

विशी-पंचविशीतल्या मुलाला नोकरी नसली की आपण त्याला बेकार म्हणतो. त्याच्याबद्दल अग्रलेख निघतात, मोर्चे निघतात, निवडणुकीच्या जाहीरनाम्यात त्याला मानाचे पान असते. साठीच्या माणसाला आपण निवृत्त म्हणतो. त्याला नारळ, शाल आणि चार चांगले शब्द मिळतात. पण अठ्ठेचाळिसाव्या किंवा बावन्नाव्या वर्षी ज्याची नोकरी जाते त्याला काय म्हणायचे? त्याच्यासाठी आपल्या भाषेत धड शब्दही नाही. तो शेजाऱ्यांना सांगतो, 'सध्या जरा घरीच असतो.' पुढे कोणी काही विचारत नाही, आणि तोही सांगत नाही.

बँकेत नोकरी करणाऱ्याला माणसांची एक वेगळीच बाजू दिसते. डॉक्टरला नाडी दिसते, तसे आम्हाला पासबुक दिसते. महिन्याच्या सात तारखेला येणारी रक्कम एखाद्या महिन्यात येत नाही, पुढच्याही महिन्यात येत नाही, आणि मग खात्यातून निघणारे आकडे हळूहळू लहान होत जातात. तोंडाने माणूस काहीही म्हणो, खाते खरे बोलते. तीन-साडेतीन दशकांच्या नोकरीत मी अशी खाती तीन वेळा घाऊकपणे पाहिली. म्हणूनच हा विषय मला एकेका माणसाच्या नशिबाचा कधी वाटला नाही.

गिरणीच्या भोंग्यानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही; तो विरत गेला आणि हजारो माणसे कामावर परत गेलीच नाहीत. मी तेव्हा परळच्या एका शाखेत बचत खात्याच्या काउंटरवर नवा कारकून होतो. गिरणीचा पगार रोखीत मिळे आणि काही कामगार त्यातली थोडी रक्कम आमच्याकडे ठेवत. संपाच्या सुरुवातीला पाचशेची स्लिप भरणारा माणूस गणपतीपर्यंत दोनशेवर आला, दिवाळीला पन्नासवर. त्यानंतर तो आला तो खाते बंद करण्याचा अर्ज घेऊनच.

या माणसांच्या हातात कसब नव्हते असे कोण म्हणेल? साचेखात्यात चार-चार साचे सांभाळणारा, तुटलेला धागा डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळणारा माणूस तो. पण त्याचे कसब गिरणीच्या भिंतीला बांधलेले होते. भिवंडीच्या यंत्रमागावर तेच काम होते, पण तिथे बाराबारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, आणि ना फंड, ना रजा. पंचेचाळिशीच्या माणसाला ते कितपत झेपणार? दुसरी अडचण मला पुढे अनेकदा दिसली ती तेव्हाच कळायला हवी होती, इतकी ती उघड होती. गिरणीत नोकरी लागायची ती बहुधा गाववाल्याच्या नाहीतर नातेवाइकाच्या शब्दावर. आता तो गाववाला आणि तो नातेवाईकही त्याच संपात घरी बसलेला. ज्यांच्याकडे शब्द टाकायचा तेच शब्दासाठी दुसऱ्याकडे पाहत होते.

मग कोणी फुटपाथवर भाजी मांडली, कोणी रात्रपाळीचा वॉचमन झाला, कोणी कोकणात किंवा घाटावर परतला. कितीतरी घरे बायकांनी तगवली. कोणी खानावळ वाढवली, कोणी पोळ्या लाटून दिल्या, कोणी लोकांची धुणीभांडी धरली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी झाली. जमिनीला नवे काम मिळाले. त्या जमिनीवर राबलेल्या माणसासाठी तितक्या तपशिलाचा नियम काही कोणी लिहिला नाही.

सोनेरी हस्तांदोलन

१९९१ नंतर 'गोल्डन हँडशेक' हा शब्द मध्यमवर्गीय घरांत आला. फेब्रुवारी १९९२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभारला. कामावरून कमी होणाऱ्यांना नवे प्रशिक्षण द्यावे, नव्या नोकरीच्या वाटेला लावावे, हाही त्याचा एक हेतू होता. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देण्यात गेला आणि २००० साली तो निधीच गुंडाळला गेला. माणसाला घरी पाठवण्याची व्यवस्था चोख झाली, पुन्हा कामावर नेण्याची राहूनच गेली.

त्याच साली लाट आमच्या दारात आली. सरकारी बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजना २०००-०१च्या हिवाळ्यात राबवली गेली. पंधरा वर्षे नोकरी किंवा चाळीस वर्षे वय पुरे झालेल्यांना ती खुली होती. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यांतली जी रक्कम कमी ती मिळणार होती. चोवीस वर्षे नोकरी झालेल्याला अठ्ठेचाळीस महिन्यांचा पगार एकरकमी! अशा नुकसानभरपाईतले पाच लाख रुपये करमुक्त. एक लाखाहून अधिक माणसे बँकांतून बाहेर पडली. निरोप समारंभ इतके झाले की शाखेजवळच्या हारवाल्याला आधी सांगून ठेवावे लागे.

ज्यांनी ही निवृत्ती घेतली ती काही अजाण माणसे नव्हती. व्याजाचा हिशेब करण्यातच त्यांचा जन्म गेला होता. दहा लाख रुपये दहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला एक लाख, महिन्याला आठ हजार तीनशे. शिवाय बाहेर एखादी छोटी नोकरी मिळेलच. हा हिशेब त्या दिवशी बरोबर होता. पण पुढच्या तीन वर्षांत ठेवींचे व्याजदर घसरत सहा टक्क्यांच्या आसपास आले. तीन वर्षांनी ठेव नूतनीकरणाला आली तेव्हा त्याच दहा लाखांचे महिन्याला पाच हजार होत होते. काहींनी युनिट ट्रस्टची यूएस-६४ सुरक्षित म्हणून घेतली होती. जुलै २००१ मध्ये तिची खरेदी-विक्रीच सहा महिन्यांसाठी थांबवली गेली. आता 'छोटी नोकरी' ही हौसेची बाब उरली नाही. ती चुलीपर्यंत येऊन पोहोचली.

आणि मग सुरू झाली ती पन्नाशीतली उमेदवारी. आमच्या पिढीत उमेदवारी या शब्दाला एक वेगळा अर्थ होता. नव्या पोराने बिनपगारी किंवा तुटपुंज्या पगारावर काम शिकायचे, तिला उमेदवारी म्हणत. सत्तावीस वर्षे अधिकारपद सांभाळलेल्या माणसाला ती पुन्हा करायची होती.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ ठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूमचे सुपरवायझर होते. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांचे वय एकोणपन्नास. त्यांनी आधीचा अर्ज केला होता तो १९७४ साली, तोही हाताने लिहून. आता बायोडेटा टाइप करून हवा होता. त्यात 'उद्दिष्ट' म्हणून एक रकाना होता. त्यांनी मला विचारले, 'साहेब, इथं काय लिहू? मुलीची फी, असं लिहिलं तर चालेल का?' आम्ही दोघेही हसलो, पण रकाना रिकामाच राहिला.

त्यांच्या मुलाखतींच्या हकिकती मी ऐकत असे. एका ठिकाणी तिशीच्या मालकाने विचारले, 'माझ्या हाताखाली काम करायला तुम्हाला अवघड नाही का वाटणार?' खरे तर अवघड त्या मालकालाच वाटत होते. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, 'तुमचा अनुभव आमच्या कामाला फार जास्त आहे.' यांनी अर्ध्या पगाराची तयारी दाखवली, तर समोरच्याच्या मनात शंका, की इतका अनुभवी माणूस इतक्या कमीत यायला तयार कसा? काहीतरी भानगड असली पाहिजे. जास्त मागितले तर महाग, कमी मागितले तर संशयास्पद. तिसऱ्या ठिकाणी काहीच म्हणाले नाहीत. 'कळवतो' म्हणाले. ते गृहस्थ म्हणत, 'नाही म्हटलं तर माणूस दुसरीकडं बघतो. कळवतो म्हटलं की महिनाभर फोनपाशी बसतो.'

असेही काही जण होते की जे रोज डबा घेऊन घरातून निघत. सोसायटीत कळू नये म्हणून. दुपारी आमच्या शाखेत पंख्याखालच्या बाकावर दोन-तीन जण असे बसलेले असत. पासबुक भरून घेण्याचे निमित्त असे, पण त्यात भरण्यासारखी नोंद नसे. शिपाई त्यांना उठवत नसे. त्याला काही सांगावे लागले नव्हते.

नोकरी कोणाला मिळाली?

नोकरी मिळालेले लोकही होते आणि त्यांच्याकडे पाहण्यासारखे आहे. बँकेतून बाहेर पडलेल्यांपैकी काहींना सहकारी बँका आणि पतसंस्थांनी घेतले, कारण कर्जाच्या कागदात कुठे पाणी मुरते ते ओळखणारा माणूस त्यांना हवा होता. काहींना बँकांच्या समवर्ती हिशेबतपासणीची कामे मिळाली. त्याच सुमारास खासगी कंपन्यांना विमा व्यवसाय खुला झाला होता, त्यामुळे काही जण विमा एजंट झाले. पहिल्या वर्षी नात्यातल्यांच्या पॉलिसी झाल्या, दुसऱ्या वर्षी ज्यांचे पाय फिरते राहिले तेच टिकले. ठाण्याच्या त्या सुपरवायझरांना वागळे इस्टेटमधल्या एका दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपमध्ये काम मिळाले. पगार आधीच्या निम्म्याहून कमी. ते काम जाहिरातीतून आले नव्हते. पूर्वी त्यांच्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या माणसाला त्यांचा हात ठाऊक होता.

यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. पन्नाशीतल्या माणसाला परका मालक क्वचितच घेतो. ज्याने त्याचे काम पाहिलेले असते तो घेतो: जुना पुरवठादार, जुना ग्राहक, आपल्याच हाताखाली शिकून पुढे गेलेला मुलगा. पण नेमक्या याच लोकांकडे जायला माणसाला लाज वाटते. अनोळखी कंपनीला शंभर अर्ज पाठवणे सोपे, कारण तिथला नकार तोंडावर येत नाही. ज्याला एकेकाळी आपण कामाची ऑर्डर दिली त्याच्या दारात उभे राहायचे म्हणजे पायात मणामणाचे ओझे. हे ओझे ज्यांनी लवकर उतरवले त्यांचे दिवस लवकर फिरले, असे मी पाहिले.

कायदा कुठे उभा आहे?

वाचक म्हणतील, कायदा काही करत नाही का? करतो, पण निरोपाच्या वेळेपुरता. औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीच्या वेळी प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आला आहे. कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात पंधरा दिवसांचा पगार पंचेचाळीस दिवसांत जमा व्हायचा आहे. नवे कसब शिकण्यासाठी पंधरा दिवसांचा पगार! राज्य कामगार विमा योजनेत असलेल्यांना अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेतून जास्तीत जास्त नव्वद दिवस निम्म्या पगाराइतकी मदत मिळते, तीही आयुष्यात एकदा. मॅनेजर, अधिकारी, मोठ्या पगाराचे सुपरवायझर हे तर बहुतेक या कायद्यांच्या व्याख्येतच बसत नाहीत.

वयावरून नोकरी नाकारण्याबद्दल खासगी मालकाला जाब विचारणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्यांना असे संरक्षण १९६७च्या कायद्याने दिले. जपानने २००७ साली भरतीतल्या वयोमर्यादेवर, काही अपवाद ठेवून, बंदी घातली. कायद्याने तिथले सगळे मालक साधुसंत झाले असे नाही, पण जाहिरातीत वयाची ओळ छापताना त्यांना विचार करावा लागतो. आपल्याकडे सरकारच वयाची रेघ ओढते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत येण्याची मर्यादा खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. सरकारी बँकांच्या सामाईक भरती परीक्षेत सर्वसाधारण उमेदवाराला कारकुनासाठी २८, अधिकाऱ्यासाठी ३०. मुले वाढवून चाळिशीत पुन्हा नोकरी शोधणाऱ्या पदवीधर बाईला ही दारे केव्हाच बंद झालेली असतात. पुरुषाच्या पासबुकात निदान थांबलेला पगार दिसतो. तिच्या खात्यात आधीच्या पंधरा वर्षांच्या कामाची नोंदच नसते, आणि मुलाखतीत तिलाच विचारतात, 'इतकी वर्षे तुम्ही काय केलंत?'

साठीपुढच्यांना पुन्हा काम मिळावे म्हणून केंद्राने २०२१ साली एक पोर्टल काढले. चांगली गोष्ट आहे. पण पन्नाशीतल्याने तोपर्यंत काय करायचे? त्याची फंडाची पेन्शन ५८व्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, मात्र दर वर्षामागे ४ टक्के कपात सोसून. ज्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे तिच्यातली ही कपात!

तिसरी लाट तर परवाची. बीएसएनएलने २०१९ मध्ये पन्नाशीपुढच्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी एका दिवसात सुमारे ७८ हजार माणसे घरी गेली. एमटीएनएलची १४ हजारांवर निराळी. दोन महिन्यांत करोनाची टाळेबंदी लागली. नव्या कामासाठी चपला झिजवायच्या तर रस्तेच बंद. आता पुण्या-बंगळुरातल्या संगणक कंपन्यांतली चाळिशी ओलांडलेली मुलेही, आमच्या दृष्टीने ती मुलेच, दबक्या आवाजात हेच बोलतात. अर्ज माणसाच्या हाती पडण्याआधीच यंत्र जन्मतारीख वाचू शकते. आमच्या वेळी निदान माणूस नाही म्हणायचा.

घरातली बैठक

असा प्रसंग ज्या घरावर येतो त्या घराने काय करावे? मी समुपदेशक नाही, पण पासबुके पुष्कळ पाहिली आहेत. त्यावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, आलेली रक्कम सहा महिने कुठेही अडकवू नये. ती आली की भाचा, शेजारी, जुना मित्र अशा सगळ्यांना धंद्याच्या कल्पना सुचतात. बुडालेल्या रकमांपैकी बऱ्याच रकमा पहिल्या सहा महिन्यांतच हातातून गेलेल्या होत्या. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम असेल आणि वय ५५ झाले असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे दार साठीआधीही उघडते. त्याची मुदत टपालात किंवा बँकेत लगेच विचारून घ्यावी. दुसरी, घरकर्ज असेल तर बँकेत स्वतः जाऊन आधीच सांगावे. हप्ता थकल्यावर येणाऱ्या माणसापेक्षा थकण्याआधी येणाऱ्या माणसाचे ऐकून घेणे बँकेलाही सोपे जाते. तिसरी, कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. पन्नाशीत नवा विमा महाग पडतो, म्हणून तोच विमा स्वतःच्या नावे चालू ठेवता येईल का, याची चौकशी शेवटचा दिवस उजाडण्याआधी करावी.

चौथी गोष्ट पैशाची नाही, आणि ती सर्वांत अवघड. घरात खरे सांगावे. मुले आपल्याला वाटतात त्याहून शहाणी असतात. बापाचा डबा परत येताना तसाच भरलेला आहे हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलेले असते. ती बोलत नाहीत, कारण आपण बोलत नाही. ज्या घरांत एका रविवारी सगळे मिळून बसले, खर्चाची वही मधे ठेवली, कॉलेजातल्या मुलीने शिकवणी धरली, बायकोच्या कमाईला 'हातभार' म्हणणे थांबले, त्या घरांतल्या माणसाला कमी पगाराची नोकरी स्वीकारणेही सोपे गेले. कारण त्याला घरी येऊन त्या पगाराचा आकडा लपवायचा नव्हता.

आणि आपण बाकीचे? आपल्यातले कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर बसलेले असतात. कोणी गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस, कोणी पतसंस्थेचा संचालक, कोणी शाळेच्या किंवा वाचनालयाच्या समितीवर, कोणाचे स्वतःचे छोटे वर्कशॉप. वर्षा-दोन वर्षांतून एकदा तरी आपल्यावर माणूस नेमण्याची वेळ येते. जाहिरातीचा मसुदा कोणीतरी जुन्या फाइलीतून काढतो आणि वयाची ओळ जशीच्या तशी उतरवतो. ती ओळ का आहे, हे कोणी विचारत नाही. पोती उचलायची असतील तर ठीक आहे. पण वह्या लिहायच्या, माल तपासायचा, माणसांशी नीट बोलायचे अशा कामाला पस्तिशीची अट कशासाठी? पुढच्या बैठकीत तो मसुदा समोर येईल तेव्हा एवढा एक प्रश्न विचारावा. त्याला कायदा लागत नाही, निधीही लागत नाही.